जोगेश्वरीनंतर गोरेगाव

विज्ञानकथेतल्या माणसावर एक संकट हमखास येतं. अचानक जग ओळखीचं राहत नाही, आणि मग प्रश्न पडतो, बिघडलंय ते जग की मी?

२०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले, तेव्हा कपाटातून 'यक्षांची देणगी' पुन्हा काढलं. त्यातले गंगाधरपंत आठवतात ना? पानिपत मराठ्यांनी जिंकलेल्या एका वेगळ्याच मुंबईत ते जाऊन पोचतात. मुलाची चौकशी करतात, तर त्या नावाचं तिथे कोणी नाहीच! परत आल्यावर या गोष्टीवर विश्वास कोण ठेवणार? पण इतिहासाचे प्राध्यापक ते, खिशात बखरीचं फाटकं पान घेऊन आलेले. त्या पानात विश्वासरावांना गोळी लागतच नाही, जवळून निघून जाते. पुरावा असला की माणूस वेडा ठरत नाही.

हल्ली नातवामुळे 'स्टार ट्रेक'चे जुने भाग बघते. (उच्चार निम्मे कळत नाहीत, खालच्या अक्षरांवर भागवते.) १९९० सालच्या 'रिमेंबर मी' या भागात यानावरची माणसं एकेक करून नाहीशी होतात आणि उरलेले म्हणतात, असं कुणी नव्हतंच. डॉक्टर क्रशर आधी संशय घेते तो स्वतःवर. आपल्यात बिघाड नाही अशी खात्री पटल्यावर मग विश्वावर. कॉम्प्युटर तिला विश्वाचा व्यास सांगतो, ७०५ मीटर! आमच्या घरापासून स्टेशन त्याहून लांब आहे. मला मात्र कॅप्टन आवडला. त्याला स्वतःला काही आठवत नाही, तरी तिच्या शब्दाखातर शोध घ्यायला लावतो.

१९९३ च्या 'फ्रेम ऑफ माइंड'मध्ये याच्या उलट. वेड्यांच्या इस्पितळात रायकरला सांगतात, तुझं यान हाच तुझा भ्रम. तो भाग मी अर्ध्यावर बंद करायला लावला.

कारण ताई. माझी थोरली बहीण, वय चौऱ्याऐंशी, दोन वर्षांपासून आमच्याकडे असते. विसर वाढत चाललाय. पण गोरेगाव ते चर्चगेट तीस वर्षं नोकरीला गेलेली, स्टेशनं तोंडपाठ. परवा अंधेरीच्या डॉक्टरांकडून परतताना राममंदिर आलं आणि ती घाबरून उठलीच. "जोगेश्वरीनंतर गोरेगाव! हे कुठलं मध्येच? आपण गाडी चुकलो." समोरच्या दोघी मुली हसल्या. ताईने माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "मला वेड लागलंय का गं?"

राममंदिर स्टेशन सुरू झालं डिसेंबर २०१६ मध्ये. तिच्या काळात ते नव्हतंच. मी म्हटलं, "नाही गं, तुझं बरोबर आहे. स्टेशन नवीन आहे."

"मग आधी सांगायचं नाही का?" म्हणत ती खिडकीबाहेर बघायला लागली.

रात्री ती भाऊजींचंही पान मांडायला सांगते. भाऊजींना जाऊन अकरा वर्षं झाली. त्यावर काय बोलावं, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. सध्या मी पान मांडते.