पुतण्याचं ऑपरेशन आणि पॉलिसीतलं आठवं कलम



आजचा विषय थोडा अवघड आहे. पण मुलग्यांच्या आयांनी वाचावा असा आहे, म्हणून पुतण्याची परवानगी घेऊन लिहिते.

वयात येताना बऱ्याच मुलांची छाती बायकांसारखी वाढते. डॉक्टर याला गायनेकोमास्टिया म्हणतात. हार्मोनचा तोल ढळतो आणि स्तनाची ग्रंथीच वाढते, ती नुसती चरबी नसते. बहुतेकांचं सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरतं. आमच्या पुतण्याचं पंधराव्या वर्षी सुरू झालं, ते एकविसाव्या वर्षीही तसंच होतं. एका बाजूला दुखायचंही. घरात जो तो म्हणे, "तळलेलं कमी खा." पोरगा वाळला, पण छाती तशीच राहिली. आधी पोहणं सुटलं, मग देवळातला अभिषेक. जाऊबाईंना वाटलं, मुलाचं धर्मातलं लक्ष उडालं. शेवटी तो मला म्हणाला, "काकू, यायचं असतं मला. पण सदरा काढून धोतर-दुपट्ट्यावर उभं राहायची लाज वाटते."

मग हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवलं. थायरॉइड, यकृत, टेस्टोस्टेरॉन, प्रोलॅक्टिन, सगळं तपासलं. काही औषधांनी आणि जिममधल्या स्टेरॉइडनेही असं होतं, म्हणून तेही विचारलं. रिपोर्ट चांगले आले, पण सोनोग्राफीत ग्रंथी स्पष्ट दिसली. इतक्या वर्षांनी ती औषधाने जात नाही, काढावीच लागते, असं सर्जननी सांगितलं.

कॅशलेससाठी अर्ज केला, तर "सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया" म्हणून नकार आला. जाऊबाई म्हणाल्या, "जाऊ दे ताई, पैसे भरू. बोभाटा नको." पैसे भरले, ऑपरेशन झालं, त्याच दिवशी घरी आणलं. पण बी.कॉम. झालेल्या बाईला हिशेब अर्धा सोडवत नाही. मी पॉलिसी घेऊन बसले.

सगळ्या पॉलिसींत न मिळणाऱ्या खर्चांची यादी असते. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, त्यांचे शब्द आणि कोड ठरवून दिले आहेत. कोड ०८ कॉस्मेटिक सर्जरीचा. त्यात नकाराच्या पुढे अपवादही आहे. अपघात, भाजणं किंवा कर्करोगानंतरची पुनर्रचना चालते. आणि तब्येतीला थेट, तातडीचा धोका दूर करायला उपचार गरजेचा होता, असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलं, तरीही चालतं. आमचा मार्ग हा दुसरा होता. पॉलिसी बारा वर्षांची जुनी, त्यामुळे वेटिंग पिरियडचा प्रश्न नव्हता.

एकाने सुचवलं, अपघात दाखवा. खोटं लिहायचं नव्हतंच, शिवाय खोट्या दाव्याने पॉलिसीच रद्द होऊ शकते. आम्ही खरी कागदं जोडली: हार्मोनच्या डॉक्टरांचे केसपेपर, सोनोग्राफी, फोटो आणि काढलेल्या ग्रंथीचा बायोप्सी रिपोर्ट. सर्जनच्या पत्रात किती वर्षं त्रास आहे, दुखतं किती, एका बाजूची गाठ तपासणं का जरूर होतं, हे सगळं होतं. बिलात ग्रंथी काढण्याचा आणि लायपोसक्शनचा खर्च वेगळा दाखवून घेतला. तरी क्लेम नाकारला. मग कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज केला, कोड ०८ चा अपवाद त्यात उतरवून.

१,१२,००० च्या बिलातले ७८,००० मिळाले. लायपोसक्शन आणि छातीला घालायच्या घट्ट जॅकेटचे पैसे कापले. पुतण्या म्हणाला, "काकू, आता पुरे." मीही थांबले.

तुमच्यावर वेळ आली तर लक्षात ठेवा. नकार तोंडी घेऊ नका, कलमासकट लेखी मागा. कंपनीला लेखी तक्रार करून महिनाभरात उत्तर आलं नाही, किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. आपल्या कोल्हापूर-सांगलीकडच्यांना पुण्याचं कार्यालय. कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे ते ऐकतात आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

मात्र सगळ्यांना पैसे मिळतीलच असं नाही. नुसती चरबी असेल, त्रास काही नसेल, तर कंपनीचा नकार बरोबरही असू शकतो. म्हणून ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना आणि कंपनीला विचारा.

आणि त्याच्याही आधी मुलाला विचारा. मुलींच्या वयात येण्याबद्दल आपण आता मोकळं बोलतो. मुलगे मात्र सैल शर्ट घालून गप्प बसतात, आणि आपण त्यांना तळण बंद करतो.