शिकारीच्या बहाण्याने

जॉर्ज वॉशिंग्टनचं सप्टेंबर १७६७ मधलं एक पत्र आहे. तेव्हा तो राष्ट्राध्यक्ष वगैरे कोणी नव्हता, व्हर्जिनियातला पस्तीस वर्षांचा जमीनदार होता. पत्र विल्यम क्रॉफर्डला लिहिलंय. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते चक्क टीम लीडचा मेसेज वाटलं. मतितार्थ असा: डोंगरापलीकडची चांगली जमीन हेरून ठेव, खुणा कर, खर्चाचं आणि कागदपत्रांचं मी बघतो. राजाचा मनाई हुकूम आहे खरा, पण तो तिथल्या मूळ रहिवाशांना शांत ठेवण्यापुरता, तात्पुरता. बोभाटा करू नकोस. शिकारीच्या बहाण्याने फीर.

तो हुकूम १७६३ चा. ॲपलाचियन डोंगरांच्या पश्चिमेला गोऱ्यांनी वसायचं नाही, असं तिसऱ्या जॉर्जने जाहीर केलं होतं. क्रॉफर्ड तर आधीच पलीकडे, यॉकेगेनी नदीकाठी, घर बांधून राहत होता. १७५८ च्या मोहिमेत तो वॉशिंग्टनच्या हाताखाली लढलेला. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात मोजणीची साखळी, अशीच त्याची सगळी कारकीर्द.

साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. या पांढऱ्या ओकपासून त्या मेपलपर्यंत इतक्या साखळ्या, मग अमुक अंशात वळायचं, असं करत सुरुवातीच्या झाडापाशी परत. म्हणजे पॉलिगॉनच, फक्त कोपऱ्यांवर झाडं. मला हे वाचताना भारी वाटलं होतं, लपवत नाही. मी पण पॉलिगॉनच काढतो.

गेल्या वर्षी एका प्रोजेक्टमध्ये जमिनीचे तुकडे नकाशावर रंगवायचे होते. रेकॉर्डमध्ये मालकाचा रकाना कोरा असला, की तुकडा 'उपलब्ध' म्हणून आपोआप हिरवा व्हायचा. तो नियम मीच लिहिलेला. टेस्टिंग करताना खाली सॅटेलाइटचं चित्र लावलं, तर एका हिरव्या तुकड्यात निळ्या ताडपत्रीची सात-आठ छपरं. मी विचारलं. उत्तर आलं, डेटामध्ये मालक नाही ना, मग आपला प्रश्न नाही. मी तिकीट बंद केलं आणि जेवायला गेलो.

१७७० च्या शरदात वॉशिंग्टन आणि क्रॉफर्ड होडीने ओहायो नदीतून खाली गेले. वाटेत सेनेका जमातीचा पुढारी गायासुटा भेटला. १७५३ मध्ये त्याने तरुण वॉशिंग्टनला त्याच रानातून वाट दाखवली होती. जुनी ओळख ठेवून त्याने रानरेड्याचं मांस दिलं. पाहुणे पुढे कानावा नदीच्या मुखाशी गेले आणि कुठली जमीन कसदार आहे ते बघून आले. पुढच्या वर्षी क्रॉफर्डने ती मोजली. सैनिकांना कबूल केलेल्या दोन लाख एकरांतला हा वाटा. वॉशिंग्टनच्या पदरात त्यातले उत्तम तुकडे पडले, अशी कुरकूर मागून झाली. १७७४ मध्ये क्रॉफर्डने मिंगो लोकांची वस्ती उद्ध्वस्त केली. नंतर स्वातंत्र्ययुद्धात तो कर्नल झाला.

मार्च १७८२. ग्नाडेनहुटन इथे पेन्सिल्व्हेनियाच्या स्वयंसेवकांनी ९६ ख्रिस्ती डेलावेअर माणसांना ठार केलं. बायका-मुलं धरून, बरीचशी हातोड्याने डोकी फोडून. क्रॉफर्ड तिथे नव्हता. पण मे महिन्यात सँडस्कीवर चालून जाणाऱ्या घोडेस्वारांनी मतं घेऊन त्यालाच सेनापती निवडलं. मतांत हरलेला डेव्हिड विल्यमसन हा ग्नाडेनहुटनच्या टोळीचा म्होरक्या होता. मोहीम फसली. विल्यमसन घरी पोचला. क्रॉफर्ड डेलावेअरांच्या हाती लागला आणि ११ जूनला त्यांनी त्याला खांबाला बांधून जाळलं.

ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनने लिहिलेलं पत्र मी दोनदा वाचलं. दुःख आहे त्यात. शिवाय, ग्नाडेनहुटननंतर याहून वेगळं काही होणार नव्हतं हेही त्याने सरळ मांडलंय, आणि यापुढे कोणी जिवंत हाती लागू नये असा सल्ला दिलाय. पत्र नीट आहे. जमिनीचा त्यात उल्लेख नाही.

जमीन १७९९ च्या मृत्युपत्राला जोडलेल्या यादीत सापडते. कानावाच्या मुखाजवळ, १०,९९० एकर. मोजणी क्रॉफर्डचीच.

त्या रात्री मी आमच्या नकाशावर तोच तुकडा परत उघडला. अजून हिरवाच आहे. नियम बदलायला एक ओळ पुरे, आणि ती कोणत्या फाइलमध्ये आहे ते मला पाठ आहे.