तळ्याभोवतीचे अकरा देश

अमेरिकेत फ्लोरिडातल्या ऑरलँडोजवळ डिस्नेची चार मोठी उद्यानं आहेत. मुलांना घेऊन जाणारे बहुतेक जण परीकथेतल्या राजवाड्याचं उद्यान आधी गाठतात. आमच्याकडे मात्र गेल्या डिसेंबरात आई-बाबा बडोद्याहून आले होते, आणि झोक्यांत, घसरगाड्यांत बसायचं नाही हे बाबांनी विमानतळावरच जाहीर केलं होतं. म्हणून आम्ही एक पूर्ण दिवस 'एपकॉट'ला दिला. तिथं एका तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत. प्रत्येक देशाच्या इमारती, दुकानं, खाणंपिणं, आणि काही ठिकाणी एखादा चित्रपट किंवा नावेतली सफर. सगळी फेरी सुमारे दोन किलोमीटरची. म्हणजे आपल्या सुरसागराच्या कडेने संध्याकाळी फिरायला निघावं तसंच, फक्त वाटेत देश लागतात.

या जागेचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. वॉल्ट डिस्नेला इथं खरंखुरं शहर वसवायचं होतं, भविष्यात माणसं कशी राहतील याचा नमुना म्हणून. 1966 मध्ये तो वारला आणि शहराची कल्पना मागे पडली. शेवटी 1 ऑक्टोबर 1982 रोजी उघडलं ते उद्यान. सुरुवातीला नऊ देश होते: मेक्सिको, चीन, जर्मनी, इटली, अमेरिका, जपान, फ्रान्स, ब्रिटन आणि कॅनडा. 1984 मध्ये मोरोक्को आलं, 1988 मध्ये नॉर्वे. स्पेन, इस्रायल आणि विषुववृत्तीय आफ्रिका यांचीही घोषणा झाली होती, पण ती दालनं कधी झालीच नाहीत. चीन आणि जर्मनी यांच्या मध्ये आफ्रिकेच्या नावाने थोडे ढोल आणि एक दुकान तेवढं आहे.

आम्ही मेक्सिकोपासून सुरुवात केली. बाहेरून पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड. आत शिरलो तर दिवसाढवळ्या संध्याकाळ! निळसर अंधार, कंदिलांचा उजेड, मध्ये बाजाराचा चौक आणि पलीकडे पाण्यातून जाणाऱ्या नावा. मोठाल्या टोप्या, रंगीत मातीची भांडी, कवट्यांची चित्रं असलेल्या वस्तू. आईने एक वाटी उचलली, उलटी करून पाहिली, टिचकी मारून आवाज ऐकला आणि परत ठेवली. मंगळबाजारात ती हेच करते.

आमच्या आठ वर्षांच्या लेकीसाठी इथं एक 'पासपोर्ट' घेतला. प्रत्येक देशात मुलांसाठी एक टेबल असतं. तिथे शिक्का मिळतो, आणि तिथली ताई किंवा दादा हौसेने आपल्या लिपीत मुलांचं नावही लिहून देतात. दुपारपर्यंत तिच्याकडे तिचं नाव चिनी, जपानी आणि अरबी अक्षरांत जमा झालं. देवनागरीत ते तिला स्वतःला लिहिता येतं, पण आडनावातलं जोडाक्षर अजून अडतं. बाबांनी जपान आणि मोरोक्कोच्या मधल्या बाकावर बसून तिच्याकडून ते चार वेळा लिहून घेतलं.

मी पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर. त्यामुळे कुठलीही गोष्ट पाहिली की ती कशी बांधली असेल हे आधी डोक्यात येतं. इथे त्याची चंगळ आहे. पॅरिसचा आयफेल टॉवर खऱ्याच्या साधारण एक दशांश आहे, तरी पुढच्या घरांच्या छपरांमागून डोकावतो तेव्हा खूप उंच आणि दूर वाटतो. युक्ती साधी आहे. इमारतीचे वरचे मजले, खिडक्या आणि विटा खालच्यापेक्षा लहान करत न्यायच्या. डोळा फसतो आणि इमारत आहे त्यापेक्षा उंच दिसते. कॅनडाच्या हॉटेलातही हीच करामत आहे. चीनच्या दालनात पेकिंगच्या स्वर्गमंदिराची अर्ध्या मापाची प्रतिकृती आहे. मोरोक्कोत मात्र प्रकार वेगळा. तिथले राजे दुसरे हसन यांनी आपल्या देशातले कारागीर पाठवले आणि त्यांनी फरशांची नक्षी हाताने बसवली. जागा फ्लोरिडाची, पण हात फेज आणि माराकेशच्या परंपरेतले. मग याला खोटं म्हणायचं की खरं, यावर आई आणि बाबांचं पंधरा मिनिटं चाललं.

दुकानांतही असंच मिश्रण आहे. काही ठिकाणी नेहमीचा मिकी माऊस त्या देशाचे कपडे घालून टी-शर्टवर उभा असतो. पण जपानचं दुकान चालवते ती मित्सुकोशी, म्हणजे जपानमधली खरीखुरी जुनी पेढी. 1673 साली एदोत, आजच्या टोकियोत, कापडाचं दुकान म्हणून ती सुरू झाली. शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी! हे कळल्यावर बाबांना त्या दुकानाबद्दल एकदम आदर वाटू लागला. कागद, शाई, चहाची भांडी, भाताच्या बिस्किटांची पाकिटं, किमोनो... आम्ही तिथे एक तास काढला. जर्मनीत नाताळच्या वस्तूंचं बाराही महिने चालणारं दुकान आहे, आणि शेजारी कॅरॅमलचं. तिथे डोळ्यांसमोर कॅरॅमल करतात. त्या वासाने रांगेत उभं राहिलं नाही असा माणूस मला दिसला नाही.

पण माझ्या लक्षात राहिली ती माणसं. या दालनांत काउंटरवर उभी असलेली बरीचशी मुलंमुली खरोखर त्या त्या देशातून आलेली असतात. छातीवरच्या बिल्ल्यावर त्यांचं नाव आणि खाली गावाचं नाव असतं. ती साधारण वर्षभरासाठी येतात आणि परत जातात. 1990 साली अमेरिकेने व्हिसाच्या कायद्यात मोठा बदल केला. त्यात सांस्कृतिक देवाणघेवाणीसाठी 'क्यू' नावाचा व्हिसा आला. त्याला गमतीने 'डिस्ने व्हिसा'ही म्हणतात. जास्तीत जास्त पंधरा महिने. आणि त्याच कायद्यातून आला तो 'एच-वन-बी', ज्यावर माझ्यासारखे लाखो इंजिनिअर इथे आले. एकाच कायद्याची दोन दारं. एका दारातून येणाऱ्याला सांगितलं जातं, तुझा देश लोकांना दाखव आणि वेळेत घरी जा. दुसऱ्या दारातून येणाऱ्याला देशाबद्दल कुणी काही विचारत नाही. त्याने फक्त काम करायचं. त्याची मुदत साधारण सहा वर्षांची, ग्रीन कार्डाचं काम सुरू असेल तर त्याहून पुढची. आमची सहा वर्षं संपायला आता दीड वर्ष उरलंय. अर्ज पुढे न्यायचा की बडोद्याला परतायचं, हा विषय घरात रोज जेवताना निघतो आणि ताटं उचलताना अर्धवट राहतो.

जर्मनीच्या दालनात एक मुलगी होती. घेरदार झगा, वर पट्ट्यांची चोळी, असा पोशाख. बिल्ल्यावर हँबर्ग. आईने तिला तिच्या इंग्रजीत विचारलं, "घरीसुद्धा हेच घालतेस का?" ती खळखळून हसली. म्हणाली, हा वेश दक्षिणेकडचा, बव्हेरियाचा. आमच्याकडे उत्तरेला कुणी घालत नाही, मी पहिल्यांदा घातला तो इथेच. पण लोकांना जर्मनी म्हटलं की हाच झगा आठवतो, म्हणून मीही घालते.

आई मला मराठीत म्हणाली, "मी तरी कुठे नऊवारी नेसते? पाडव्याच्या शोभायात्रेलाच ना!" मग तिने फोनमधला तो फोटो काढून त्या मुलीला दाखवला. नथ, नऊवारी, भगवा फेटा आणि मागे दांडिया बाजारातली गुजराती पाट्यांची दुकानं. मुलीने फोटो मोठा करून पाहिला आणि विचारलं, हे कुठलं गाव? आई म्हणाली, "बडोदा." आणि ते महाराष्ट्रात आहे का, यावर आईने मान हलवली, "नाही, गुजरातमध्ये." मुलगी गोंधळली. आई अजिबात गोंधळली नाही.

या अकरा देशांत भारत नाही. लेकीने फेरी संपता संपता विचारलंच, "आपलं दुकान कुठंय?" दुसऱ्या दिवशी आम्ही तिथल्याच प्राण्यांच्या उद्यानात गेलो, 'ॲनिमल किंगडम'मध्ये. तिथे आशियाच्या भागात 'आनंदपूर' नावाचं गाव आहे. नाव भारतीय, पण हे गाव खरं नाही. ते त्यांनी कल्पनेतून उभारलेलं राज्य आहे. पडक्या महालात वाघ फिरतात, भिंतींवर राजांची चित्रं आहेत, रंगवलेल्या पाट्या आहेत, सायकली आहेत. काम इतकं बारकाईने केलंय की बाबा एका भिंतीच्या उडालेल्या रंगाकडे बघत बसले. पण लेकीचा पुढचा प्रश्न चोख होता: "इथल्या राजाने काय केलं?" तिच्या डोक्यात राजा म्हणजे सयाजीराव. बडोद्यात 'महाराज' ही पडक्या महालातली आकृती नाही. 1893 साली अमरेलीत सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण सुरू करणारा, 1906 मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू करणारा माणूस आहे. कल्पनेतल्या गावाच्या राजाला हे असलं काही करावं लागत नाही.

तेव्हा मला आपलं कमाटीबागेतलं संग्रहालय आठवलं. 1894 सालची ती इमारत. इजिप्तची ममी, निळ्या देवमाशाचा सांगाडा, जपान, चीन, तिबेटच्या वस्तू, युरोपातली चित्रं. आपल्यापैकी कितीतरी जणांनी जग पहिल्यांदा पाहिलं ते तिथे, शाळेच्या सहलीत, रांगेत उभं राहून. फरक एवढाच, की तिथे वस्तू होत्या पण सांगायला त्या देशाचं कुणी नव्हतं. एपकॉटला माणूस समोर उभा असतो आणि त्याला प्रश्न विचारता येतो. म्हणून मला वाटतं, तिथे जाणाऱ्याने वस्तूंपेक्षा बिल्ले वाचावेत.

त्या रात्री हॉटेलवर लेकीने कागद-पेन्सिल घेऊन आमचं दुकान काढायला घेतलं आणि सगळेच त्यात उतरले. फळीवर काय ठेवायचं? बाबा म्हणाले, पुरणपोळी, ढोल-ताशा, पैठणी. आई म्हणाली, ती पुण्याच्या दुकानात ठेवा. आमच्या दुकानात सेव-उसळ पाहिजे, लिलो चिवडा पाहिजे. उसळ आपली, शेव गुजरातची. पुण्यात मागितली तर समोर मिसळ येते! मग गणपतीत मांडवात आरतीच्या शेवटी गुजराती शेजारी आपल्याहून मोठ्याने म्हणतात ते, आणि नवरात्रात आपली नऊवारीवाली मावशी गरब्यात पहिल्या फेरीला असते ते, हे फळीवर कसं ठेवायचं? नवऱ्याचं मत पडलं की असं दुकान डिस्नेला चालणार नाही, लोकांना कळणारच नाही हा देश कुठला. ते खरंच आहे. तळ्याकाठी दालन उभारायचं तर एक देश, एक वेश, एक चव लागते. बडोदा, इंदूर, ग्वाल्हेर, बेळगाव, हैदराबाद इथल्या मराठी घरांचं तसं एका रंगात चित्र निघत नाही. 'तुम्ही मूळचे कुठले?' हा प्रश्न आपल्याला महाराष्ट्रातही विचारतात आणि घराच्या गल्लीतही. लहानपणी मला त्याचा राग यायचा. हँबर्गच्या त्या मुलीला बव्हेरियाच्या झग्यात बघितल्यावर तो बराच कमी झाला. एका रंगातलं चित्र तिलाही लागू पडत नव्हतं. ते फक्त दुकानाच्या पाटीला लागतं.

लेकीने दुकानाच्या चित्राखाली एक बिल्लाही काढला. वर स्वतःचं नाव, देवनागरीत, जोडाक्षरासकट. खाली गावासाठी रेघ मारली आणि विचारलं, "इथे बडोदा लिहू की अटलांटा?" आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, कारण जेवताना अर्धवट राहणारा प्रश्न तिने एका रेघेवर आणून ठेवला होता. आजीने सांगितलं, "दोन्ही लिही, जागा आहे." कागदावर जागा होती खरी. अर्जावर नसते. अर्जाचं आम्ही अजून ठरवलेलं नाही, पण एवढं ठरलं की येत्या उन्हाळ्यात लेक दोन महिने बडोद्याला राहील. तिच्या बिल्ल्यावरच्या गावाबद्दल कुणी विचारलं तर तिला स्वतःला काहीतरी सांगता यायला हवं.

तुमच्यापैकी कुणी तिकडे जाणार असाल तर दोन-चार गोष्टी. देशांची दालनं उद्यानाच्या पुढच्या भागापेक्षा उशिरा, साधारण अकराच्या सुमारास उघडतात, तेव्हा सकाळची घाई नको. पायात चांगले बूट हवेत आणि ज्येष्ठ मंडळींसाठी दर दोन देशांनंतर बाक. डिसेंबरात गेलात तर निरनिराळ्या दालनांत त्या देशातल्या सणांच्या गोष्टी सांगणारी माणसं असतात, ती चुकवू नका. मुलांना खरेदीपेक्षा शिक्क्यांच्या टेबलांवर जास्त वेळ द्या. आणि काउंटरवरच्या मुलामुलीला गावाचं नाव वाचून एक प्रश्न जरूर विचारा: तुमच्या घरी खरंच असं असतं का? उत्तर द्यायला ती मंडळी उत्सुक असतात. ती उलट तुम्हालाही तेच विचारतील. उत्तर जरा लांबलं तरी चालेल, मागची रांग कॅरॅमलसाठी असते, तिला घाई नसते.