ओवाळणीचा सिनेमा

भाऊबीजेला ओवाळणी काय घालावी, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. पण २०२२ साली तो जसा पडला तसा कधीच पडला नव्हता. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी धाकट्या बहिणीकडे डब्लिनला गेलो होतो. २६ ऑक्टोबरला भाऊबीज. बाहेर पावसाची झिमझिम चालली होती आणि आत पाटाभोवती रांगोळी. निरांजनाचे ताट समोर आले आणि माझ्या ध्यानात आले की, माझ्या खिशातले रुपये या देशात चालत नाहीत! मी ओशाळलो. ती हसून म्हणाली, "दादा, ओवाळणी म्हणून मला सिनेमाला घेऊन चल. तिकिटे मी काढते."

बहिणीच्याच पैशांनी ओवाळणी घालण्याचा मान अशा रीतीने मला मिळाला.

चित्रपट होता मार्टिन मॅकडोना यांचा 'द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन'. पाचच दिवसांपूर्वी तो तेथे लागला होता. बॅन्शी म्हणजे आयरिश लोककथांतली, घरात मरण यायचे असले की आधी विलाप करणारी स्त्री. नाव असे भयंकर, पण बहिणीने सांगितले, "विनोदी आहे." विनोदाची जात कोणती, ते मात्र तिने सांगितले नाही.

गोष्ट १९२३ सालची, पश्चिम आयर्लंडजवळच्या एका काल्पनिक बेटावरची. पॉड्रिक हा चार गुरे पाळणारा भोळा गृहस्थ. रोज दुपारी दोन वाजता तो आपल्या मित्राला, कोलमला, हाक मारतो आणि दोघे गुत्त्यावर जाऊन बसतात. एके दिवशी कोलम दार उघडत नाही. भांडण नाही, उसन्या पैशांचा तंटा नाही. तो एवढेच सांगतो की, तू मला आता आवडत नाहीस. कोलम फिडल वाजवतो. उरलेल्या आयुष्यात त्याला चार चाली रचायच्या आहेत आणि पॉड्रिकच्या गप्पांत त्याचे दिवस फुकट चालले आहेत. एकदा तर म्हणे पॉड्रिक त्याच्या गाढवाच्या लिदीत काय काय सापडले, यावर दोन तास बोलत होता! पॉड्रिक लगेच चूक सुधारतो : लीद गाढवाची नव्हे, तट्टाची होती. सगळे थिएटर खदखदून हसले. मीही हसलो.

बेटावरची बाकीची माणसेही अशीच मासलेवाईक. टपाल सांभाळणारी बाई लोकांची पत्रे फोडून वाचते. समुद्रापलीकडे यादवी युद्धाच्या तोफा वाजत असतात. काल इंग्रजांविरुद्ध खांद्याला खांदा लावून लढलेले लोक १९२१ च्या तहावरून एकमेकांच्या जिवावर उठलेले. बेटावरचा पोलीस तिकडे देहदंडाच्या वेळी पहाऱ्याला जायला निघतो. कोण कोणाला मारणार, हे त्याला धड ठाऊक नाही. मजुरी आणि फुकटचे जेवण मिळणार, एवढे मात्र पक्के ठाऊक आहे.

कोलमचे म्हणणे असे, की चांगुलपणाबद्दल कोणाची आठवण राहत नाही. मोझार्टचे नाव मात्र राहते, आणि तो सतराव्या शतकातला. पॉड्रिकची बहीण शिवॉन त्याला जाता जाता सुनावते की, मोझार्ट अठराव्या शतकातला. मास्तर म्हणून मला फार बरे वाटले.

पण माझे हसू तेथेच थांबले. कारण कोलमचे हे भाषण मी पूर्वी ऐकले होते. किंबहुना, मीच केले होते.

माझा एक मित्र आहे. आमच्याच शाळेत चित्रकला शिकवतो. रोज सायंकाळी सहाला तो आमच्या पडवीत यायचा आणि सुपारीच्या बागेविषयी बोलायचा. कोळे रोग, बोर्डो मिश्रण, शेजाऱ्याने सरकवलेला गडगा. मी तेव्हा माझी पहिली कादंबरी लिहीत होतो. एका संध्याकाळी मी त्याला म्हणालो, "उद्यापासून येऊ नकोस. मला काहीतरी मागे राहील असे करायचे आहे." तो उठला, चपला घातल्या आणि गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. त्यानंतर कधीच आला नाही. शिक्षकांच्या खोलीत आम्ही एकाच टेबलाशी बसून गप्प चहा पीत होतो.

कादंबरी पूर्ण झाली. छापलीही गेली. तिच्यातले संवाद जिवंत आहेत, असे दोघातिघांनी कळवले. दुसरी लिहायला बसलो, तर तिच्यातली माणसे पाठ्यपुस्तकासारखी बोलू लागली. मला कारण उमजेना.

ते पडद्यावर दिसले. कोलम पॉड्रिकला बजावतो : पुन्हा बोललास, तर दर खेपेस माझे एक बोट तोडीन. आणि तो खरोखरच तोडतो, फिडलच्या तारांवर फिरणाऱ्या डाव्या हाताची बोटे! ज्या संगीतासाठी मित्र तोडला, ते वाजवायचीच बोटे. माझ्या कादंबरीतली माणसे कोणाच्या जिभेने बोलत होती, हे मला त्या अंधारात कळले.

तुटलेले एक बोट पॉड्रिकच्या लाडक्या गाढविणीच्या घशात अडकते आणि ते मुके जनावर मरते. तेव्हा थिएटरात कोणी हसले नाही. माझ्या शेजारचे आयरिश आजोबा डोळे पुसत होते. त्याआधीच शिवॉनला पलीकडे ग्रंथालयात नोकरी लागते आणि ती होडीतून निघते. भाऊ कड्यावरून हात हलवीत राहतो. बहिणीने माझा हात घट्ट धरला. ती मुंबईच्या विमानतळावरून निघाली होती, तेव्हा मीही असाच उभा होतो. आम्ही दोघेही काही बोललो नाही.

घरी परतल्यावर सुट्टीच्या शेवटच्या दिवशी, सायंकाळी सहाला, मी मित्राच्या दारात उभा राहिलो. त्याने पाहिले, खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, "या, बसा."

पंचवीस वर्षे अरे-तुरे करणाऱ्या माणसाचे ते 'बसा' मला फार लागले. क्षमा मागायची म्हणून वाक्ये जुळवून नेली होती. एकही तोंडातून फुटले नाही. चहा झाला. मी उठलो. पण दुसऱ्या दिवशी सहाला पुन्हा गेलो, तिसऱ्या दिवशीही. तो 'या, बसा' म्हणत राहिला आणि मी बसत राहिलो. आता चूक सुधारायला यायची पाळी माझी होती.

यंदा आषाढात एकदा असाच गेलो. पाऊस मी म्हणत होता. तो कोळे रोगाविषयी सांगत होता. आदल्या वर्षीची फळगळ, फवारणीला न मिळालेली उघडीप. तासभर झाला असेल. मध्येच तो थांबला, माझ्याकडे न बघता बाहेरच्या पागोळ्यांकडे बघत म्हणाला, "लिहितोस का रे अजून काही?"

मी म्हटले, "ते राहू दे. फवारणीचे काय झाले, ते आधी सांग."