कोंकणकड्यावरील इंद्रवज्र

सह्याद्रीच्या ज्या शिखरांवरून कोंकण आणि देश यांची सीमा एका दृष्टिक्षेपांत दिसते, त्यांत हरिश्चंद्रगडाचें स्थान फार वरचें आहे. अहिल्यानगर जिल्ह्यांतील अकोले तालुक्यांत असलेला हा गड समुद्रसपाटीपासून १४०० मीटरांहून अधिक उंच असून, त्याच्या पूर्वेकडील उतारावर मुळा नदी उगम पावते. ही मुळा पुढें प्रवरेस मिळते. आणि प्रवरेच्याच तीरीं नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली गेली, हें वाचकांस ठाऊक आहेच. गडावर हरिश्चंद्रेश्वराचें प्राचीन मंदिर असून चांगदेवांनीं 'तत्त्वसार' हा ग्रंथ येथेंच रचिला असें सांगतात. जवळच केदारेश्वराचें लेणें आहे. तेथील चार खांबांपैकीं आतां एकच अखंड उरला आहे, आणि मधल्या भव्य शिवलिंगास प्रदक्षिणा घालावयाची तर बर्फासारख्या थंड पाण्यांत उतरावें लागतें.

गेल्या आश्विनांत पाचनई गांवीं मुक्काम करून आम्ही पहांटेच्या अंधारांत गड चढूं लागलों. बरोबर आमचा पुतण्या होता. तो महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवितो. वाटाड्या म्हणून गांवचाच एक तरुण घेतला होता. अडुसष्टाव्या वर्षीं हा खटाटोप कशासाठीं, असें घरच्या मंडळींनीं विचारिलें, तेव्हां खरें कारण आम्हीं सांगितलें नाहीं. माघांत आमचें कुटुंब निवर्तलें. बेचाळीस वर्षांचा सहवास सरला, आणि तेव्हांपासून संध्येस बसलों कीं ओठ तेवढे चालत. अर्घ्य सोडावें, आणि तें कोणास दिलें हेंच मनास उमजूं नये, अशी अवस्था झाली होती. जें माणूस प्रत्यक्ष होतें तें नाहींसें झालें. मग जो कधींच दृष्टीस पडला नाहीं तो मात्र आहे, हें कशावरून?

गडाच्या पश्चिमेस नागाच्या फणेप्रमाणें आंत वळलेला तो प्रसिद्ध कोंकणकडा आहे. आठाच्या सुमारास तेथें पोंचलों, तों खालची दरी धुक्यानें कांठोकांठ भरलेली. कांठापासून दोन हात अलीकडे आम्ही बसलों. पाठीमागून ऊन आलें, आणि त्या शुभ्र पटलावर एक रंगीत, पूर्ण वर्तुळाकार वलय उमटलें. त्याच्या मध्यभागीं आमच्याच मस्तकाची छाया होती! हेंच इंद्रवज्र. कर्नल साईक्स यांनीं १८३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत ह्या वर्तुळाकार इंद्रधनुष्याचें वर्णन आहे.

पुतण्यानें उपपत्ति सांगितली. धुक्यांतील अतिसूक्ष्म जलबिंदूंवर पडलेला प्रकाश आल्या दिशेस परततो व विवर्तनामुळें त्याचे रंग वेगळे होतात; तांबडा रंग बाहेरच्या कडेस राहतो; थेंब जितके लहान, तितकें वलय मोठें. मग तो म्हणाला, "काका, हें ज्याचें त्यालाच दिसतें. मला माझ्या डोक्याभोंवतीं दिसतें आहे, तुमच्या नाहीं." वाटाड्यास विचारिलें, तो हंसून म्हणाला, "बाबा, माझ्या तर माझ्याच डोक्याभवती हाय."

आम्हांस छांदोग्यांतील कथा आठवली. पाण्यांतील प्रतिबिंब पाहून विरोचन संतुष्ट झाला व त्यालाच आत्मा मानून घरीं गेला. इंद्राचें मात्र समाधान झालें नाहीं, म्हणून तो पुनःपुन्हां परतला व प्रजापतीजवळ एकशें एक वर्षें राहिला. स्वतःच्या छायेभोंवतीं तेजोवलय पाहून 'हा माझाच महिमा' असें जो म्हणेल, तो विरोचनाचाच शिष्य ठरेल.

त्यापाठोपाठ दुसरा विचार आला. आमचें कुटुंब त्या क्षणीं शेजारीं बसलें असतें, तरी त्यांच्या छायेभोंवतींचें वलय आम्हांस दिसलें नसतें; आणि तरी तें असतें. जी वस्तु दिसण्यास योग्य आहे तिचेंच न दिसणें हें अभावाचें प्रमाण होय, हा भाट्ट मीमांसकांचा सिद्धांत आम्हीं तीस वर्षें मुलांस घोकविला. त्याचा अर्थ त्या कड्यावर पहिल्यानें हृदयांत उतरला. तीन माणसें, तीन वलयें. एकास दुसऱ्याचें दिसत नाहीं. आणि तिघांच्या पाठीशीं सूर्य एकच! वलय पाहण्याच्या नादांत आम्हीं सर्वांनीं त्याच्याकडे पाठ केली होती.

आम्ही वळून पूर्वाभिमुख बसलों. कमंडलूंतील पाणी ओंजळींत घेतलें व अर्घ्य दिलें. कोणास दिलें, हें त्या वेळीं विचारावें लागलें नाहीं. गायत्रीचा जप चालूं असतां डोळ्यांतून धारा लागल्या. पुतण्या कांहीं न बोलतां शेजारीं येऊन बसला. ज्यास भेट म्हणतात ती हीच असावी, अशी आमची श्रद्धा आहे. आणि त्याच्या शास्त्रानेंच आम्हांस त्या वाटेवर आणिलें, हेंही सांगितलें पाहिजे.

ज्यांस जावयाचें असेल त्यांनीं पावसाळा सरतां सरतां, सकाळच्या प्रहरीं जावें. वाटाड्या अवश्य घ्यावा, व कड्याच्या अगदीं कांठाशीं उभें राहूं नये. धुकें आणि ऊन यांचा मेळ प्रत्येक वेळीं बसतोच असें नाहीं. तो न बसला तरी खिन्न होऊं नये. मागें वळून सूर्यास नमस्कार करावा आणि गड उतरावा.