आधी चेंबर उघडा

माळशेजच्या बाजूनं ढग उतरले की आमच्या डिंगोऱ्यात झड लागते आणि दिवसदिवस ऊन दिसत नाही. अशा झडीत गावातल्या बऱ्याच घरांतून एकच तक्रार येते, संडासातलं पाणी जाईना झालंय. आमच्या घरी ती आली तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं होतं. त्यांना वॉकर धरून मोरीपर्यंत जाणंही जड होतं. शेजारच्या घरी जाऊन या, असं त्यांना सांगण्याची सोय नव्हती.

पूर्वीची माणसं टमरेल घेऊन बांधाकडे जायची. ते दिवस परत यावेत असं आमच्यातल्या एकाही बाईला वाटत नाही. अंधार पडायची वाट बघत पोट दाबून बसणं आमच्या आधीच्या पिढीनं पुरेसं केलं. शिवाय तालुक्यात ऊस वाढला तसा बिबट्याही उसात राहू लागला. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात माणसांवर जे हल्ले झाले, त्यांची धास्ती अजून गेलेली नाही. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, पण उसातली बिबट्याची ये-जा काही थांबलेली नाही. तेव्हा घरातला संडास बंद पडला की आमच्याकडे पहिला जीव टांगणीला लागतो तो बायकांचा आणि म्हाताऱ्या माणसांचा.

तुंबलं की गावात पहिला सल्ला मिळतो ॲसिडचा. "वहिनी, बाटलीभर ॲसिड सोडा, सकाळपर्यंत मोकळं व्हईल," असं मलाही सांगितलं गेलं. मी ते टाकलं नाही आणि कुणी टाकू नये असं माझं ठाम मत आहे. संडास तुंबतो तो बहुधा कापडानं, पॅडनं, प्लास्टिकच्या पुडीनं, नाहीतर पुढं जागाच नसल्यानं. यातलं काहीच ॲसिडनं विरघळत नाही. उलट ज्या जिवाणूंच्या जोरावर खड्ड्यातला मैला कुजतो आणि त्याची माती होते, तेच मरतात. त्यात आधी कुणी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर दोन्ही मिळून क्लोरीन वायू सुटतो आणि त्या बंद खोलीत वाकून उभ्या असलेल्या माणसाच्या छातीत तो जातो. साफसफाईसाठी घरात ॲसिडची बाटली असलीच, तर निदान ब्लीचिंगच्या शेजारी ठेवू नये.

ॲसिडच्या आधी पाणी काय सांगतंय ते बघावं. मी एक बादली पाणी भांड्यात ओतलं आणि उभी राहिले. पाणी काठापर्यंत चढलं, तिथं थबकलं आणि अगदी सावकाश उतरू लागलं. तेवढ्यात शेजारच्या मोरीच्या जाळीतून गुडगुड आवाज आला आणि साबणाचं पांढुरकं पाणी फरशीवर पसरलं. या गुडगुडीतच निम्मं निदान होतं. फक्त संडासाचं पाणी अडलं असतं आणि मोरी कोरडी राहिली असती, तर अडथळा भांड्याच्या खालच्या वळणात, म्हणजे ट्रॅपमध्ये, किंवा लगेच पुढच्या पाइपात निघाला असता. तिथं रबरी पंप चालतो. तो नसेल तर काठीला फडकं गुंडाळून त्यावर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधायची आणि भांड्याच्या तोंडात वरखाली दाबायची. अडकलेला गोळा पुढं सरकतो. कोमट पाण्यात भांडी घासायचं लिक्विड घालून ओतलं तरी पुष्कळदा काम होतं. उकळतं पाणी मात्र ओतू नये, चिनीमातीला तडा जातो. पण आमच्याकडे दोन्हीकडून पाणी वर येत होतं, म्हणजे अडचण दोन्ही पाइप जिथं एकत्र येतात त्याच्याही पुढं होती.

पुढं म्हणजे कुठं, हे चेंबर उघडल्याशिवाय कळत नाही. आमचा चेंबर तुळशीच्या कट्ट्यामागं, शहाबादी फरशीखाली होता. धाकट्या दिरांनी पहारीनं फरशी एका बाजूनं उचलली. "भाऊजी, तोंड लांब ठेवा, आणि बिडीकाडी काही नको," मी म्हटलं. झाकण काढून थोडा वेळ बाजूला उभं राहायचं आणि मगच आत बघायचं, हा नियम मी सगळ्यांना सांगते. चेंबर काठोकाठ भरलेला होता. हा कोरडा निघाला असता तर भांडं आणि चेंबर यांच्या मधला पाइप तुंबला असं समजायचं. भरलेला निघाला म्हणजे तिथपर्यंतचा पाइप मोकळा, आणि रोग पुढच्या पाइपांत नाहीतर खड्ड्यांत. एवढ्या एका गोष्टीवरून उगाच भांडं फोडण्याचा खर्च वाचतो. अंदाज न घेता फरशा उखडलेली घरं मी पाहिली आहेत.

मग भाऊजींनी बांबूची लांब कामटी चेंबरच्या पुढच्या तोंडांत घातली. ती सहज आत गेली, कापड नाही, गोळा नाही, काहीच अडकलेलं नव्हतं. एका काठीवर पाण्याच्या पातळीची खूण केली. रात्रभर घरातल्या कुणीही तिकडे पाणी सोडलं नाही, आणि सकाळी पातळी खुणेच्या वर गेलेली. घरातून पाणी जात नसताना खड्डा भरतोय, म्हणजे ते पाणी जमिनीतून आणि अंगणातून आत येत होतं. आमच्या वस्तीवर वरचा थर काळ्या मातीचा. मुरमात पाणी जिरतं, काळी माती फुगली की धरून ठेवते.

पण पाऊस हा एकच गुन्हेगार नव्हता. चेंबरमध्ये वाकून पाहिल्यावर दुसरं कारण समोर आलं. आमचा संडास दोन शोषखड्ड्यांचा. चेंबरमधून इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन फाटे दोन खड्ड्यांकडे जातात. यात एका वेळी एकच खड्डा वापरायचा असतो, दुसऱ्याचं तोंड वीट आणि माती लावून बंद ठेवायचं. पहिला भरला की वीट इकडून काढून तिकडे बसवायची. भरलेला खड्डा निदान वर्षभर, दोन वर्षं ठेवली तर उत्तमच, पडू द्यायचा. तेवढ्यात दुसरा चालू राहतो. सगळी युक्ती त्या एका विटेत आहे. आमच्या चेंबरमध्ये ती कधी बसवलेलीच नव्हती. दोन्ही तोंडं उघडी, दोन्ही खड्डे एकाच वेळी भरत आलेले. जोडीला, नंतर बांधलेल्या मोरीचा पाइप गवंड्यानं जवळ पडतो म्हणून याच लाइनीत सोडलेला. दोन-तीन तांब्यांचं पाणी जिरवायला बांधलेल्या खड्ड्यात सगळ्या घराच्या आंघोळीचं आणि धुण्याचं पाणी रोज जात होतं.

गावोगाव फिरलं तर अशी घरं शेकड्यानं सापडतील असं मला वाटतं, आणि त्यामागचं कारणही दिसतं. २००० साली आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, पुढं निर्मल ग्राम पुरस्कार आला, २०१४ पासून स्वच्छ भारत अभियानात एका शौचालयाला १२,००० रुपये मिळू लागले, २०१८ साली महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त जाहीर झाला. ही फार मोठी कामगिरी आहे. आमच्यासारख्या बायकांचं आयुष्य तिनं बदललं. पण संडास घराघरांत पोचले आणि त्यांच्या खालच्या खड्ड्यांचं ज्ञान मागं राहिलं. दोन खड्डे का, वीट कुठं, हे घरातल्या माणसांपर्यंत आलंच नाही. खड्डा लवकर भरेल या भीतीनं कुणी पुरुषभर खोल एकच हौद खणला, कुणी तो खालून-बाजूनं गिलावा करून बंद केला आणि मग पाणी जिरत नाही म्हणून डोक्याला हात लावला.

आम्ही आधी मोरीचा पाइप तोडून वेगळा केला आणि परसातल्या केळी-अळवाकडे नेला. तेवढ्यानंच चेंबरची पातळी उतरायला लागली. उघडीप मिळाल्यावर खड्ड्यांच्या झाकणांभोवती मुरूम भरून उंचवटा केला, म्हणजे अंगणातलं पाणी आत न जाता बाहेर वाहील. मग डाव्या खड्ड्याचं तोंड वीट आणि चिखलानं बंद केलं. सिमेंट मुद्दाम वापरलं नाही, पुढं ती वीट हातानं निघायला हवी. या सगळ्यात प्लंबर लागला तो फक्त मोरीचा पाइप जोडायला.

विसावलेला तो खड्डा आम्ही दुसऱ्या वर्षीचा उन्हाळा सरता सरता उघडला. बघायला वस्तीवरच्या बायका जमल्या होत्या, पदर नाकाला लावून. झाकण सरकलं आणि वास आलाच नाही. आत काळं, भुसभुशीत, चहाच्या वाळलेल्या चोथ्यासारखं खत होतं. भाऊजींनी ते फावड्यानं काढलं, मी हातात घेऊन बघितलं, आणि आंब्याच्या आळ्यात घातलं. सासूबाई ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. "ह्यो तो खड्डा?" त्यांनी दोनदा विचारलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राचे पेयजल व स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत स्वतः असा खड्डा उपसून दाखवला होता. त्याचा फोटो बघितला तेव्हा मला ते दाखवण्यापुरतं वाटलं नव्हतं, आणि आता तर खात्रीच आहे. वेळ दिला की खड्ड्यात माती होते, आणि मातीला हात लावायला कुणाची जात आडवी येत नाही.

हे लिहिताना अप्पासाहेब पटवर्धनांची आठवण येते. रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम करू द्या म्हणून १९३२ साली ते अडून बसले आणि येरवड्यात असलेल्या गांधीजींनी त्यांच्यासाठी उपोषण केलं. पुढं कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी मैल्याचं खत करणाऱ्या संडासाचे प्रयोग केले. आपला मैला दुसऱ्यानं उपसावा ही सवय आपल्या समाजानं एका जातीच्या माथी मारली होती, ती मोडायची तर संडासच असा हवा की उपसायची वेळ येईल तेव्हा आत मैला उरलेलाच नसेल.

सेप्टिक टाकीची गोष्ट मात्र वेगळी, आणि इथं मी फार कळकळीनं सांगते. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठतात. हायड्रोजन सल्फाइडचं प्रमाण वाढलं की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो, म्हणून वास गेला म्हणजे धोका टळला असं समजणारा माणूस आत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. सुरक्षेच्या साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. टाकी उपसायची ती सक्शनच्या गाडीनंच. ओळखीचा मिस्त्री तयार असला तरी नाही म्हणायचं.

कमोडच्या फ्लश टाकीचं दुखणं त्यामानानं हलकं असतं. आमच्याकडे रात्री टाकीतून सतत बारीक आवाज यायचा आणि मोटर रोजच्यापेक्षा जास्त वेळ चालवावी लागायची. टाकीच्या पाण्यात चिमूटभर हळद टाकली आणि अर्धा तास फ्लश केला नाही. भांड्यात पिवळी रेघ उतरली, म्हणजे तळाचा वॉशर धरत नव्हता. टाकीतल्या उभ्या नळीतून पाणी वाहत असतं, तर फ्लोट खाली करून पाण्याची पातळी नळीच्या तोंडाखाली दीड-दोन बोटं आणावी लागली असती. अँगल कॉक बंद केला, वॉशर काढला, तर खाली बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार जमलेला. लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून तो सुटला. वॉशर कडक झाला होता म्हणून ओतूरहून नवा आणला.

मुंबईला असलेल्या आमच्या भावकीची घरं वर्षातले बरेच महिने बंद असतात. यात्रेला येऊन कुलूप काढलं की घरभर दुर्गंध, आणि लगेच टाकी भरल्याची शंका. बहुतेक वेळा टाकी ठीक असते. भांड्याखालच्या वळणात जे पाणी कायम थांबतं, तेच खालचा वायू अडवून धरतं. ते वळण १७७५ साली अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीनं पेटंट केलं आणि आजवर त्याहून सोपा उपाय निघालेला नाही. घर बंद राहिलं की चैत्रातल्या उन्हात हे पाणी उडून जातं. प्रत्येक भांड्यात आणि मोरीच्या जाळीत तांब्याभर पाणी ओतायचं आणि खिडकी उघडायची. जाताना त्याच पाण्यावर चमचाभर खाद्यतेल सोडलं तर ते सावकाश आटतं. घरात माणसं असूनही वास येत असेल, फ्लश केल्यावर मोरीतलं पाणी ओढलं जात असेल, तर सेप्टिक टाकीचा वरचा हवेचा पाइप बघावा. त्यात पक्ष्यानं घरटं केलेलं असतं, किंवा वर जाळीच नसते.

आणखी एक. घर नवं करताना लोक जुनं ग्रामीण भांडं काढून शहरी चकचकीत बसवतात. ग्रामीण भांड्याला उतार जास्त आणि वळणातलं पाणी २० मिलिमीटरच, त्यामुळे दीड-दोन लिटरमध्ये ते साफ होतं. शहरी भांड्यात ५० मिलिमीटर पाणी अडलेलं असतं. एका तांब्यानं ते हलत नाही, मैला वळणात राहतो आणि महिन्याभरात तुंबतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या वस्तीत ग्रामीण भांडंच शहाणपणाचं.

हल्ली वस्तीवरून कुणी बोलवायला आलं की मी तीन गोष्टी विचारते. पाणी चढतंय कुठवर, मोरीतून येतंय का, आणि चेंबर कुठं आहे? तिसऱ्याचं उत्तर क्वचितच मिळतं. गवंडी काम संपवून गेला, त्याच्याबरोबर माहितीही गेली. घरकुलाच्या कागदांत सातबारा असतो, फोटो असतो, मग खड्डे आणि पाइप दाखवणारं साधं रेखाटनही असायला हवं, हे मी ग्रामसभेतही मांडलं आहे. तोवर घरच्या भिंतीचा उपयोग करावा. आमच्या मागच्या भिंतीवर ऑइलपेंटनं चेंबरकडे बाण काढलेला आहे, डावा-उजवा खड्डा लिहिलाय आणि वीट कोणत्या महिन्यात कोणत्या बाजूला बसवली तेही. त्याच्याखाली मोरीच्या नव्या पाइपाची रेघ आहे. पुढं गोठा वाढवायचा विचार चाललाय, तेव्हा पाया खणण्याआधी गवंड्याला ती रेघ दाखवायची, असं भाऊजींनी आत्ताच सगळ्यांना बजावून ठेवलंय.