पानांची साक्ष

पुस्तकाचे वय कसे ओळखावे? प्रश्न अगदी सोपा वाटतो. झाडाचे वय जाणण्यासाठी खोडातील वलये मोजावी लागतात. पुस्तकाच्या आरंभीच्या पानावर तर प्रकाशनाचे साल स्पष्ट छापलेले असते. ते वाचले की काम झाले! परंतु छापलेले अक्षर नेहमीच खरे बोलते असे नाही. अशा वेळी कागद, शाई आणि बांधणी यांनाच साक्षीला बोलवावे लागते.

इंग्लंडात १८३७ पासून १९०१ पर्यंत व्हिक्टोरिया राणीचे राज्य होते. या काळात तेथे ग्रंथांचे जणू पीक आले. लोकप्रिय ग्रंथांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघत. त्यांतील पहिली ओळखणे हे मोठे चिकाटीचे काम असते. कित्येकदा एखादी क्षुल्लक चूकच तेथे वाटाड्याचे काम करते. चार्ल्स डार्विनचा जीवजातींच्या उत्पत्तीवरील जगप्रसिद्ध ग्रंथ १८५९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या अवघ्या १२५० प्रती छापल्या होत्या. तिच्या विसाव्या पानावर ‘स्पीशीज’ या शब्दात एक अक्षर चुकून जास्त पडले आहे. ज्या चुकीने तेव्हा मुद्रक खजील झाला असेल, तीच आज पहिल्या आवृत्तीची खूण ठरली आहे!

आवृत्ती ओळखली, तरी प्रतीची कहाणी संपत नाही. ती प्रत कोणाच्या घरी नांदली? कोणी आतल्या कोऱ्या पानावर आपले नाव व तारीख लिहून ठेवलेली असते. कोणी नाताळची भेट देताना दोन प्रेमाचे शब्द लिहिलेले असतात. कोणी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूस आपल्या नावाची छापील चिठ्ठी चिकटवलेली असते. विख्यात कादंबरीकार चार्ल्स डिकन्स १८७० मध्ये निवर्तला. तेव्हा त्याच्या संग्रहातील पुस्तकांना, ती त्याच्या गॅड्सहिल येथील ग्रंथालयातील आहेत, असे सांगणाऱ्या छापील चिठ्ठ्या लावण्यात आल्या. आज ती पुस्तके कोठेही असोत, ती चिठ्ठी त्यांचे जुने घर सांगते. एकाच छापखान्यातून हजार प्रती सारख्याच बाहेर पडतात. पण माणसाचा हात लागला की प्रत्येक प्रत निराळी होते.

या साध्या खुणांचे मोल एकदा साऱ्या ग्रंथप्रेमी जगाला कळून आले.

एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग ही त्या काळातील थोर कवयित्री. आपल्या पतीवरील प्रेमाने ओथंबलेली तिची सुनीते १८५० मध्ये तिच्या काव्यसंग्रहातून प्रसिद्ध झाली. पुढे कित्येक वर्षांनी त्याच सुनीतांची एक छोटी पुस्तिका ग्रंथसंग्राहकांच्या दृष्टीस पडू लागली. तिच्यावर रेडिंग या गावाचे नाव आणि १८४७ हे साल होते. म्हणजे ती मूळ संग्रहाच्याही तीन वर्षे आधीची! अशा दुर्मीळ वस्तूसाठी संग्राहक मोठी किंमत मोजू लागले. टॉमस जेम्स वाइज या नामांकित ग्रंथपारख्याने आपल्या सूचीत तिची नोंद केली होती. वाइजचा शब्द त्या क्षेत्रात प्रमाण मानला जाई. मग शंका कोणी घ्यावी?

ती घेतली दोन तरुणांनी. जॉन कार्टर आणि ग्रॅहम पोलार्ड हे दोघेही पुस्तकांच्या व्यापारात वावरलेले. त्यांना एका गोष्टीचे नवल वाटले. या पुस्तिकेची प्रत्येक प्रत कशी कोरी करकरीत! एकाही प्रतीवर कवयित्रीच्या हातची अक्षरे नाहीत, तिच्या एखाद्या मैत्रिणीचे नाव नाही, की त्या काळची जुनी बांधणी नाही. मित्रमंडळींसाठी म्हणून छापलेले पुस्तक एकाही मित्राच्या हाती गेले नाही, हे कसे?

मग त्यांनी कागदालाच बोलते केले. पूर्वी इंग्लंडात चिंध्यांपासून कागद करीत. १८६१ च्या सुमारास एस्पार्टो नावाच्या गवताचा उपयोग होऊ लागला आणि त्यानंतर, १८७४ च्या सुमारास, रासायनिक क्रियेने तयार केलेला लाकडाचा लगदा आला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता, १८४७ च्या म्हणवणाऱ्या त्या पुस्तिकेच्या कागदात लाकडाचे तंतू आढळले! जे झाड अजून गिरणीत पोहोचलेच नव्हते, त्याचा कागद कोठून आला? छपाईच्या खिळ्यांनीही तीच साक्ष दिली. जुन्या खिळ्यांत इंग्रजी ‘एफ’ अक्षराचा आकडा खिळ्याच्या बाहेर डोकावत असे, आणि म्हणून चटकन मोडे. पुढे तो आत ओढून घेतलेले खिळे निघाले. असे नवे खिळे १८८० नंतरचे. आणि या पुस्तिकेत ते स्पष्ट उमटले होते.

१९३४ मध्ये दोघांनी आपले संशोधन ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. एक नव्हे, अशा कितीतरी पुस्तिकांचे सोंग उघडे पडले. वाइज अपराधी आहे, असे त्यांनी उघड शब्दांत म्हटले नाही. परंतु पुराव्याची सारी बोटे त्याच्याकडेच वळत होती. वाइजला समाधानकारक उत्तर देता आले नाही. १९३७ मध्ये तो मरण पावला. त्याचा स्नेही हॅरी बक्स्टन फोरमन हाही या कपटात सामील होता, हे मागाहून उघड झाले.

वाइजची विद्वत्ता खोटी नव्हती. त्याने जमवलेला ग्रंथसंग्रह आजही लंडनमध्ये जपून ठेवलेला आहे. पण ज्या ज्ञानाने खऱ्याखोट्याची पारख करायची, त्याच ज्ञानाचा उपयोग त्याने लोकांना फसवण्यासाठी केला. कार्टर आणि पोलार्ड यांच्यापाशी त्याच्याएवढी कीर्ती नव्हती. मात्र मोठ्या माणसाने सांगितले तरी ते पडताळून पाहण्याचे धैर्य त्यांच्यापाशी होते.

एखाद्या जुन्या पुस्तकावर धूसर शाईतले नाव दिसते, पानाच्या कडेला बोटांचे ठसे दिसतात. ते मळलेले म्हणून कोणी नाक मुरडतो. परंतु त्या मळक्या खुणाच सांगतात, की हे पुस्तक खरोखर जगले आहे. कोणीतरी ते हाती धरले, वाचले आणि जपले आहे. त्या खोट्या पुस्तिकेच्या कोऱ्या पानांवर हीच एक गोष्ट नव्हती.